तेहतिसाव्या आठवड्यानंतरचं बाळंतपण

हे प्रकरण २०२३ च्या पावसाळ्यातलं आहे. तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या संमतीने लिहिते आहे. तिने हे आधी वाचलं, दोन ठिकाणी दुरुस्त्या केल्या आणि एक परिच्छेद काढायला लावला. तिचं नाव, दवाखाना, कारखाना यांतलं काहीही इथे येणार नाही.

मी कोल्हापुरात डौला म्हणून काम करते. पहिल्या भेटीत तिच्या सासूबाईंनी विचारलं, "म्हंजे सुईणच की?" मी म्हटलं, "न्हाई मावशी, सुईण बाळंतपण करती. मी सोबतीला असते." त्यावर त्या म्हणाल्या, "सोबत करायचं पैसं घेतीस व्हय?" त्यांचा प्रश्न रास्त होता. सोबतीला काम म्हणायचं की नाही, हे या प्रकरणात मलाही नव्याने कळलं.

डौला पेशंटला तपासत नाही, औषध देत नाही, बाळाचे ठोके ऐकत नाही. गरोदरपणात शंका ऐकून घेते, डॉक्टरांना काय विचारायचं ते लिहून काढायला मदत करते आणि कळा सुरू झाल्या की बाळंत होईपर्यंत जागची हलत नाही. सिस्टरच्या हाताखाली एका वेळी चार-पाच बायका असतात, डॉक्टरांकडे त्याहून जास्त. माझ्याकडे त्या दिवशी एकच असते. मूळ शब्द ग्रीक, अर्थ दासी. स्तनपानाविषयी लिहिताना मानववंशशास्त्रज्ञ डाना राफाएल यांनी १९७३ मध्ये तो या अर्थाने वापरला. ग्वाटेमालात झालेला अभ्यास १९८० मध्ये छापून आला. ओळखीची नसलेली, शिकलेलीही नसलेली बाई कळांमध्ये सतत शेजारी बसली, तरी बाळंतपण लवकर होतं आणि अडचणी कमी येतात, असं त्यात दिसलं. पुढे २०१७ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात १७ देशांतले २६ अभ्यास एकत्र केले गेले, त्यांत १५,००० हून जास्त बायका होत्या. सतत सोबत मिळालेल्यांची सिझेरियन कमी झाली, वेळ कमी लागला, वेदनाशामकं कमी लागली. घरी कुणी विचारलं की मी हेच आकडे सांगायचे. हे सगळे आकडे बाळ रडेपर्यंतच्या वेळेचे आहेत, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

भारतात डौलांची नोंदणी करणारी सरकारी परिषद नाही. त्यामुळे आपली हद्द आपणच आखावी लागते आणि ती सोडायची नाही.

ती

वय २७, पहिलटकरीण. शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हिशेब बघायची. नवरा मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी. घर मंगळवार पेठेत, माहेर राधानगरी तालुक्यात. बाविसाव्या आठवड्यात माझ्याकडे आली तेव्हा हातात एक वही होती, तारखा घालून लिहिलेली. हिशेब ठेवणाऱ्या माणसाचं अक्षर. तिला नॉर्मल बाळंतपण हवं होतं आणि ओरडायची लाज वाटेल अशी भीती होती. पुढचे आठ आठवडे श्वास, बसण्या-उठण्याच्या पद्धती, कळांमध्ये काय होतं, याच्यात गेले.

तिसाव्या आठवड्यात बीपी १४०/९० निघालं. पायांवर सूज, लघवीत प्रथिनं. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, घरी बीपीचं मशीन घ्यायला लावलं. सोनोग्राफीत बाळ वाढीला मागे होतं, म्हणून दर आठवड्याला डॉपलर, म्हणजे बाळाचा रक्तपुरवठा बघणारी सोनोग्राफी, ठरली. माहेरी जायचा बेत त्याच दिवशी रद्द झाला. डोहाळजेवण घरातल्या घरात, पाच बायकांत झालं.

मंगळवारचा मेसेज

तेहतिसाव्या आठवड्यात मंगळवारी रात्री पावणेदहाला तिचा मेसेज आला: "ताई, आज बाळ शांत आहे. आत्या म्हणतात दिवस भरत आले की हलणं कमी होतंय." आत्या म्हणजे तिच्या सासूबाई. मी त्या वेळी दुसऱ्या एका बाईच्या कळांमध्ये होते. मेसेज सव्वाबाराला पाहिला. फोन केला, उचलला नाही. लिहून ठेवलं की उठलीस की डाव्या कुशीवर पडून मोज, दोन तासांत दहा हालचाली भरल्या नाहीत तर थांबू नको, सरळ दवाखान्यात जा. सकाळी सहाला तिचाच फोन आला. रात्रभर एकही हालचाल नव्हती. सात वाजता आम्ही दवाखान्यात होतो आणि सव्वासातला डॉक्टरांनी सोनोग्राफीचा पडदा स्वतःकडे वळवला. ठोके नव्हते.

जन्मानंतर बाळाची कातडी पाहून डॉक्टर म्हणाले, बाळ जाऊन किमान दीड दिवस झालाय. म्हणजे मेसेज आला तेव्हाच उशीर झाला होता. तरीही ते अडीच तास मी माझ्या हिशेबातून पुसलेले नाहीत. "शेवटी शेवटी बाळ कमी हलतं" हा समज कोल्हापुरात घरोघरी आहे आणि तो चुकीचा आहे. शेवटच्या आठवड्यांत हालचालींची तऱ्हा बदलते, ढुशा मारण्यापेक्षा लोळल्यासारखं जास्त वाटतं, पण हालचाली कमी होत नाहीत. हे मी तिला सांगितलं होतं. तिच्या सासूबाईंना सांगितलं नव्हतं, आणि घरात शंका आली की ती विचारणार सासूबाईंना, मला नव्हे. माझ्या सूचनांच्या कागदावर हालचाली मोजणं चौथ्या पानावर होतं. आता ते पहिल्या ओळीत आहे, आणि पहिल्या भेटीला घरातली मोठी बाई समोर बसल्याशिवाय मी ते वाचून दाखवत नाही. रात्री मी दुसरीकडे असले तर फोन कुणाला करायचा, तो नंबरही खाली लिहिलेला असतो.

"सिझर करून काढा की"

बातमी कळल्यावर पहिल्या तासात घरातल्या सगळ्यांचं एकच म्हणणं होतं. सासूबाई डॉक्टरांपुढे हात जोडून म्हणाल्या, "साहेब, सिझर करून काढून टाका. गेलेल्या जिवासाठी आणि कळा कशाला सोसायच्या पोरीनं?" त्यांच्या बोलण्यात माया होती. तिलाही तेच हवं होतं. मला झोपवा, आणि उठेन तेव्हा सगळं झालेलं असू दे.

डॉक्टरांनी समजावलं. पण ज्या कानांनी नुकतंच "ठोके नाहीत" ऐकलंय, त्यांत पुढचं काही शिरत नाही. अशा वेळी डौलाचं काम अगदी साधं असतं. तेच पुन्हा सांगायचं, हळू, तिच्या शब्दांत, आणि प्रश्न सुचायला वेळ द्यायचा. मी तिची वहीच काढली. एका पानावर दोन रकाने पाडले. सिझरच्या रकान्यात पोटावरचा छेद, जास्त रक्त जाणं, बीपी असताना वाढणारा धोका, पुढच्या बाळंतपणात गर्भपिशवीवर व्रण. नॉर्मलच्या रकान्यात कळा, वेळ आणि "हे सोसायचं कशासाठी" हा तिचाच प्रश्न. हिशेबनीस बाई होती, रकाने वाचता यायचे तिला. वाचून म्हणाली, "पण दुखणं तरी कमी करतील का?" हा प्रश्न डॉक्टरांनाच विचारायला मी तिला सांगितलं. जिवंत बाळ पोटात असताना वेदनाशामक देताना बाळावर काय परिणाम होईल याचा विचार असतो, तो इथे नव्हता. डॉक्टर म्हणाले, लागेल तितकं देऊ. त्यावर ती तयार झाली. मी तिला काय निवड म्हणून एकदाही सांगितलं नाही. सांगायचा मोह फार होता.

बीपी १५० च्या वर होतं, त्यामुळे थांबायला वाव नव्हता. रक्ताच्या तपासण्या झाल्या, दुपारी कळा आणायच्या गोळ्या सुरू झाल्या.

खोली

बाळंतिणींच्या वॉर्डात तिला ठेवलं असतं तर रात्रभर दुसऱ्यांच्या बाळांचं रडणं ऐकू आलं असतं. मी सिस्टरना जिन्याशेजारची कोपऱ्यातली खोली मागितली, त्यांनी दिली. भिंतीवर एका औषध कंपनीचं कॅलेंडर होतं, हसऱ्या गुटगुटीत बाळाचं. मी काही बोलायच्या आत सिस्टरनी ते खिळ्यावरच उलटं फिरवलं आणि सलाइन लावायला लागल्या. त्यांच्या नोकरीच्या कागदात हे काम कुठेही लिहिलेलं नसणार.

आत एकच बाई थांबेल, असा नियम होता. २०१६ मध्ये केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यांत कळांच्या वेळी सोबतीण ठेवायला मान्यता दिली, तीही घरातल्या बाईचाच विचार करून. जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ ची शिफारस सांगते की सोबत बाईच्या पसंतीची असावी. तिची पसंती दोघींना होती, आईला आणि मला. आई राधानगरीहून तीन वाजता पोचली, पदर ओला, हातात पिशवी. बाळंतपणाची बाकी टेबलं रिकामी होती, डॉक्टरांनी दोघींना परवानगी दिली.

कळांचं वर्णन करत नाही. एवढंच की, आधी शिकवलेलं सगळं उपयोगी पडलं. तेच श्वास, तेच कंबर दाबणं, तेच डाव्या कुशीवरून उठून पलंगाला टेकून उभं राहणं. आई सुरुवातीला पायथ्याशी उभी राहून डोळे पुसत होती. मी तिला माकडहाडाच्या वर तळहात कुठे दाबायचा ते दाखवलं आणि तासाभरात माझ्यापेक्षा आईचा हात जास्त नेमका पडायला लागला. मग मी फक्त पाणी पाजत राहिले. ओरडायची लाज वाटेल म्हणणारी ती मध्यरात्रीनंतर मोकळी ओरडली. कुणी तिला गप्प केलं नाही. पहाटे तीन वाजून वीस मिनिटांनी बाळ जन्मलं. वजन १,४८० ग्रॅम.

"काय हाय?"

सगळं शांत झाल्यावर छताकडे बघत तिने विचारलं, "काय हाय?" सिस्टर गप्प राहिल्या.

त्यांचं गप्प राहणं समजून घ्यायला हा जिल्हा ठाऊक हवा. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या १,००० मुलांमागे ८३९ मुली होत्या. त्यानंतर इथे सोनोग्राफी मशीनवर नजर ठेवणारी यंत्रं बसली, धाडी पडल्या, दवाखान्यांना कुलपं लागली. "काय आहे" या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही, ही शिस्त इथल्या नर्सच्या अंगात भिनलेली आहे, आणि भिनायलाच हवी होती. पण जन्म झाल्यावर आईने विचारलेला प्रश्न वेगळा. त्याला उत्तर मिळणं हा तिचा हक्क आहे. मी म्हटलं, "सांगा ना सिस्टर." त्या म्हणाल्या, "मुलगी आहे." 'होती' म्हणाल्या नाहीत.

बाळ बघायचं की नाही, हा या प्रकरणातला सगळ्यांत अवघड भाग. आपल्याकडे रीत अशी की आईला दाखवायचं नाही, गुंडाळून लगेच न्यायचं. सासूबाईंनी दारातूनच सांगितलं होतं, "बघितलंस तर मन तितंच अडकून ऱ्हातंय, बाळा." परदेशांतल्या दवाखान्यांत एकेकाळी उलटी तऱ्हा होती, बघायलाच लावायचे. मग २००२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. बाळाला कुशीत घेतलेल्या आयांमध्ये नैराश्य जास्त आढळलं, असं त्यात होतं. पुढच्या काही अभ्यासांत उलट दिसलं, बहुतेक आयांना बघितल्याचं समाधान होतं आणि न बघितल्याची रुखरुख राहिली होती. म्हणजे सासूबाईंचं म्हणणं अडाणीपणाचं म्हणून उडवून लावण्यासारखं नाही, आणि तेच अंतिम मानण्यासारखंही नाही. या सगळ्यातून मी माझ्यापुरती एक रीत काढली आहे. विचारायचं, आणि एकदाच विचारून थांबायचं नाही. पहिलं "नको" हे त्या घटकेचं असतं.

कळा सुरू व्हायच्या आधी विचारलं, ती "नको" म्हणाली. जन्मानंतर विचारलं, तिने मान फिरवली. पाचच्या सुमाराला नवरा आत आला, तिच्या उशाशी बसला. तेव्हा तिनेच विचारलं, "कुणासारखी हाय?"

मी आधी बघून आले होते, म्हणून सांगू शकले. केस दाट आहेत, कपाळावर आलेत. ओठ गडद लाल आहेत. डाव्या हाताची आणि पोटाची कातडी सुटलीय, तो भाग झाकलेला ठेवू. अंगाला गारवा असेल. हे सगळं आधी शब्दांत सांगायचं असतं. ऐकल्यावर माणूस मनाशी तयारी करतो, किंवा "नको" म्हणतो, आणि दोन्ही ठीक असतं. ती म्हणाली, "आणा."

नवे कपडे बाळ यायच्या आधी घ्यायचे नसतात, म्हणून घरात काहीच नव्हतं. आईच्या पिशवीत मात्र एक लहानशी वाकळ होती, तिच्याच जुनेराची, बारीक टाक्यांची, एका कडेचे टाके अजून घालायचे राहिलेले. त्यात बाळाला गुंडाळून आणलं. चाळीस मिनिटं ती मांडीवर होती. बापाने एकदा तिचा अंगठा आपल्या बोटावर ठेवून पाहिला. सासूबाई बाहेर बाकावरच बसून राहिल्या. त्यांना बघायचं नव्हतं, आणि त्यांनाही कुणी आग्रह केला नाही.

दवाखान्यात नवजात बाळाच्या पावलांचे ठसे केसपेपरवर घेतात. तेच शाईचं पॅड टेबलावर पडलेलं होतं. मी सिस्टरना विचारलं, एका कोऱ्या कागदावर ठसे घेता येतील का. पहिला ठसा फिसकटला. दुसऱ्या वेळी त्यांनी पाऊल दोन बोटांत धरून टाचेकडून बोटांकडे अलगद टेकवलं. पाचही बोटं उमटली. पाऊल माझ्या तर्जनीपेक्षा आखूड होतं. कागद वाळेपर्यंत तिने तो हातातच धरला होता.

सासऱ्यांच्या गावी, करवीर तालुक्यात, शेताच्या बांधावर शेवग्याखाली बाळाला मूठमाती दिली. तिला जाता येणार नव्हतं. मी नवऱ्याला एवढंच म्हटलं, "भाऊ, जागा नीट लक्षात ठेवा, एक फोटो काढून ठेवा. ती कधीतरी विचारेल." सहा आठवड्यांनी तिने विचारलं.

अठ्ठावीस आठवड्यांनंतर मृत जन्मलेल्या बाळाची नोंद जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने करावी लागते. दवाखान्याने ती कळवली. वार, म्हणजे प्लासेंटा, तपासणीसाठी पाठवली.

बाळंतीण

माझ्या करारात बाळंतपणानंतर दोन भेटी होत्या. बाळ गेलं की सगळ्यांचं काम संपतं. अंघोळ घालणारी मावशी येत नाही, पाचवी नाही, बारसं नाही, लसीची तारीख नाही. तिचं बाळंतपण मात्र संपलेलं नसतं. रक्त जात असतं, टाके असतात, गर्भपिशवी आकसत असते.

कुठे राहायचं हा पहिला प्रश्न. आईला लेक माहेरी न्यायची होती. जुलै संपत आला होता, पंचगंगा वाढत होती. कोल्हापुरात त्या दिवसांत माणसं सकाळी उठल्या उठल्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतात. ३९ फुटांवर इशारा, ४३ वर धोका. पाणी आलं की राधानगरीकडच्या वाटा कधी बंद होतील सांगता येत नाही, आणि हिचं बीपी अजून गोळ्यांवर होतं. मी घरात सगळ्यांसमोर विचारलं, "रात्री काही झालं तर तिथून दवाखाना किती वेळ?" कुणाकडे उत्तर नव्हतं. शेवटी आईच लेकीच्या सासरी येऊन राहिली. व्याह्यांच्या घरी बाळंतपण करायला राहणं तिला जड गेलं असणार. तिने ते बोलून दाखवलं नाही.

सासूबाईंना शेक, मालिश, लाडू कशासाठी, असं वाटत होतं. "बाळच न्हाई तर बाळंतीण कसली?" असं त्या माझ्यापाशी हळूच म्हणाल्या. मी म्हटलं, "मावशी, वार सुटली तिथं आत ताटाएवढी जखम हाय. ती भरायला सहा आठवडे लागत्यात, बाळ असू दे न्हाईतर नसू दे." दुसऱ्या दिवसापासून गरम पाणी, तूप-भात, भाकरी, डाळ सुरू झालं. आईने स्वयंपाकात शेपू केला नाही आणि अळीव भिजत घातले नाहीत. दूध वाढवणाऱ्या म्हणून मानलेल्या वस्तू तिने न बोलता बाजूला ठेवल्या.

तरी तिसऱ्या दिवशी सकाळी पान्हा आला. पोलका भिजला, छाती दगडासारखी झाली. दवाखान्यात ती रडली होती त्याहून जास्त त्या दिवशी रडली. म्हणाली, "ताई, दुधाला कुणी सांगितलंच न्हाई."

याची तयारी आधीच करून ठेवायला हवी होती, आणि बहुतेक वेळा कुणी करत नाही. दूध बंद करायच्या गोळ्या असतात, पण बीपी चढलेल्या बाईला त्या जपून द्याव्या लागतात. तिच्या डॉक्टरांनी दिल्या नाहीत. मग घट्ट पण न काचणारा आधार, गार पाण्याची घडी, फ्रिजमधली कोबीची पानं, दुखणं कमी होईल एवढंच थोडं पिळून मोकळं करणं, सगळं दूध काढायचं नाही, आणि डॉक्टरांनी सांगितलेली दुखण्याची गोळी. गरम पाण्याचा शेक छातीला नको, त्याने दूध वाढतं. आठ-नऊ दिवसांत उतरलं.

पाचव्या दिवशी मी संध्याकाळी गेले तेव्हा ती डोक्याला ओढणी बांधून पडली होती. "रडून रडून डोकं उठलंय, बाम लावलाय," सासूबाई म्हणाल्या. घरातल्या कुणालाही तेच वाटलं असतं. मी तिला विचारलं, डोळ्यांसमोर काही चमकतंय का? ती म्हणाली, दुपारपासून काजवे दिसताहेत. डॉक्टरांनी घ्यायला लावलेलं मशीन कपाटात गेलं होतं, बाळ गेलं म्हणून. ते काढलं. १६८/११२. दहा मिनिटं बसवून पुन्हा घेतलं, १६४/११०. मी डॉक्टरांना फोन लावून आकडे सांगितले, त्यापुढचं काही माझं काम नव्हतं. पंधरा मिनिटांत रिक्षाने दवाखान्यात. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमची इंजेक्शनं, दोन दिवस मुक्काम.

गरोदरपणातलं हे बीपी बाळ बाहेर आलं की लगेच जात नाही. पहिल्या आठवड्यात ते उसळू शकतं, झटके येऊ शकतात. घरी बाळ असतं तर कुणी ना कुणी येत राहिलं असतं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी आशाताईंच्या घरभेटींचे दिवस ठरलेले आहेत, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२. त्या बाळासाठी येतात आणि आईची तब्येत सहज नजरेला पडते. बाळ नसलेल्या आईच्या दारी यायला कुणाच्याच वहीत तारीख नसते. तिचं प्रत्येक दुखणं दुःखाच्या नावावर जमा होतं. डोकं दुखलं, रडून. झोप नाही, आठवणीने. छातीत धडधडतंय, धक्का बसलाय. डौला म्हणून मी या प्रकरणात केलेलं सगळ्यांत उपयोगी काम कुठलं, असं कुणी विचारलं तर त्या संध्याकाळी कपाटातून ते मशीन काढलं, हेच सांगेन.

मी एकूण अकरा वेळा गेले. आता माझ्या करारात "बाळ न राहिल्यास" असा वेगळा परिच्छेद आहे आणि त्यात सहा आठवड्यांच्या भेटी आहेत. पहिल्या भेटीत तो वाचताना काही घरांत मोठी माणसं म्हणतात, अभद्र बोलू नका. मी एक वाक्य बोलून पुढे जाते. पण ते वाक्य गाळत नाही.

बाकीची कामं

तिच्या फोनमधलं गरोदरपणाचं ॲप दर आठवड्याला बाळ केवढं झालं ते सांगायचं. चौतिसाव्या आठवड्याचा निरोप घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी वाजला. नवऱ्याने ते ॲप काढून टाकलं. नातेवाइकांना एकच मेसेज गेला, आम्ही तिघांनी बसून लिहिलेला: "आमची मुलगी जन्माआधीच गेली. तिची आई बरी आहे, विश्रांती घेते आहे. पंधरा दिवस फोन करू नका. भेटायला आलात तर दुसरं होईल असं म्हणू नका." शेवटचं वाक्य तिचं होतं. नवऱ्याला कुणी काही विचारत नव्हतं, तो अकराव्या दिवशी अडतीवर रुजू झाला. मी त्याला रोज एक फोन करायची, जेवलात का एवढाच. तो "हां" म्हणून ठेवायचा. एकदा ठेवला नाही, वीस मिनिटं बोलला.

रजेचं प्रकरण लिहायलाच हवं, कारण ते फार जणींना माहीत नाही. कारखान्याच्या कार्यालयातून सांगितलं गेलं की बाळ नाही म्हणजे बाळंतपणाची रजा नाही, गर्भपाताची सहा आठवड्यांची मिळेल. हे चूक होतं. तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात 'मूल' या शब्दाच्या व्याख्येतच मृत जन्मलेलं मूल धरलेलं होतं. सहा आठवडे गर्भपातासाठी. तेहतिसाव्या आठवड्यातला मृतजन्म हे बाळंतपण, आणि २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या बाळंतपणाला २६ आठवडे पगारी रजा. तिचा पगार २१,००० च्या वर, म्हणून ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू नव्हतं, नाहीतर लाभ तिथून मिळाला असता. तिने स्वतः कलम लिहून अर्ज केला, डिस्चार्ज कार्ड जोडलं. कारखान्याने पूर्ण रजा मंजूर केली. अर्ज मी पाहिला तेव्हा त्यात एका ठिकाणी 'माझी मुलगी' असे शब्द होते. सहा दिवसांपूर्वी ती 'ते' म्हणत होती.

रजा जानेवारी २०२४ अखेर संपली. आदल्या रात्री तिचा फोन आला. कामावर निम्म्या लोकांना काही ठाऊक नाही, बाळाला कोण बघतं असं विचारतील, मी काय सांगू? आम्ही तीन-चार वाक्यं बोलून पाहिली. एक फार लांब होतं, एकात तिलाच रडू यायचं. शेवटी एक राहिलं. ते तिने मला पाच वेळा म्हणून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने कळवलं. जेवणाच्या सुट्टीत स्टोअरमधल्या एका बाईंनी विचारलं, "बाळाला आज कोण सांभाळतंय गं?" ती म्हणाली, "मुलगी झाली होती, राहिली नाही." त्या बाईंनी डबा बाजूला ठेवला आणि तिचा हात धरून बसल्या. मग विचारलं, नाव ठेवलं होतंस का. तिने सांगितलं.